फ्रीजमधली शेगडी

जालन्यातल्या मस्तगड भागात एक म्हातारा आहे. तो कुणाच्याही घरी गेला की आधी फ्रीज उघडतो. कुणी पाणी विचारायच्या आत, खुर्ची पुढे सरकवायच्या आत, सरळ स्वयंपाकघरात शिरतो, फ्रीजचा खालचा दरवाजा उघडतो आणि आत हात घालून तसाच उभा राहतो. बराच वेळ. दुधाचं पातेलं असलं तर त्याच्या बुडाला बोटं लावून बघतो. मग दरवाजा लावून बाहेर येतो, बसतो, आणि चहा पिता पिता एकच वाक्य बोलतो, "आमची ही चोरून गोड खात न्हवती. फ्रीजचा हीटर गेल्ता."

नव्या सुना घाबरतात. जुन्या बायका "आले बघा फ्रीजवाले" म्हणून एकमेकींना कोपर मारतात. काहींना वाटतं, म्हाताऱ्याला काहीतरी खायला हवं असतं आणि मागायची लाज वाटते. एकीनं असंच समजून त्यांच्यापुढे शिऱ्याची वाटी ठेवली होती. ते वाटीकडे बघत बसले आणि चहा अर्धा टाकून उठून गेले.

मला हसू येत नाही. मी त्यांच्याच घरात, वरच्या खोलीत, भाड्यानं राहिलेली आहे. ते वाक्य कुठून आलं हे मला ठाऊक आहे. त्यांची कीव येते, आणि खरं सांगायचं तर अजून रागही येतो. दोन्ही एकाच वेळी येतं, त्याला माझा इलाज नाही.

मी मूळची पिंपळगाव रेणुकाईची. जालन्यातल्या एका शाळेत नोकरी लागली आणि खोली शोधत मस्तगडात आले. घरमालक दारातच उभे होते. बाईमाणूस एकटी का, लग्न कधी, आडनाव काय, हे सगळं ऐकायची त्या वेळेपर्यंत मला सवय झाली होती. यांनी विचारलं, "इस्त्री वापरता का?"

"वापरते."

"किती वॅटची?"

"ते काही माहीत नाही."

"मंग कशाला वापरता?"

"कपड्यांना," मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही असं आमची आई म्हणते, ते खोटं नाही. ते माझ्याकडे बघतच राहिले, पण आतून कुणीतरी खळखळून हसलं. त्या मामी. त्या हसण्यावर मी खोली घेतली.

मामा म्हणजे घरमालक. आमच्याकडे घरमालकाला मामाच म्हणतात. सळईच्या कारखान्यात त्यांचं उभं आयुष्य इलेक्ट्रिशियन म्हणून गेलं. भट्टीच्या धगीनं चेहरा कायमचा तांबूस झालेला. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशातला टेस्टर निवृत्त झाला नव्हता. पुतण्याच्या लग्नातल्या फोटोत फेटा बांधून उभे आहेत, आणि खिशातून टेस्टरचं पिवळं डोकं वर आलेलं आहे. त्यांचं खरं लाडकं हत्यार मात्र टेस्ट लॅम्प. एका होल्डरमध्ये बल्ब, बोर्डात खोचायची पिन, आणि त्यातून निघालेल्या दोन वायरींची उघडी टोकं. एखाद्या वस्तूला ती दोन टोकं लावायची. आतली तार सलग असली तर बल्ब लागतो, तुटलेली असली तर लागत नाही. एवढं साधं ते. देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला तो टांगलेला असे, आणि मामांचे हात सकाळी आधी कुठे जोडले जायचे हे मी खात्रीनं सांगू शकत नाही.

"माणूस खोटं बोलतो," ते म्हणत. "बल्ब बोलत न्हाई."

हे त्यांचं शास्त्र घरातल्या माणसांनाही लागू होतं. पाण्याची मोटार बंद केली असं मी सांगितलं तरी ते खाली जाऊन मोटारीला हाताचा पालथा पंजा लावून बघत. गरम लागली की नुसतं "हं" म्हणत. कुणी सांगितलेलं त्यांना ऐकू येई, पण पटण्यासाठी काहीतरी हाताला लागावं लागे. एकदा मामींना ताप आला, तर आधी कपाळ, मग थर्मामीटर, मग शेजारच्या घरातला दुसरा थर्मामीटर. तेवढ्या वेळात मामी घाम येऊन उठून बसल्या होत्या.

फ्रीजची गोष्ट इथूनच सुरू होते. पुण्यातल्या मुलानं आईवडिलांना दिवाळीत दोन दरवाज्यांचा फ्रीज घेऊन दिला. मामा रोज जेवणं झाली की त्याचं बटण बंद करत आणि सकाळी आंघोळीनंतर चालू करत. त्यांचा आधीचा जुना फ्रीजही ते असाच बंद करत. मी माझं दूध-दही त्यांच्याच फ्रीजमध्ये ठेवत असल्यामुळे माझं दही रोज रात्री सुट्टीवर जायचं. सकाळी फ्रीजखाली पाण्याचा ओघळ आलेला असे आणि मामी जुन्या परकराच्या फडक्यानं तो पुसत बसलेल्या असत.

"मामा, अख्खं जग फ्रीज चालू ठेवतं," मी भांडायचे.

"कारखान्यात माणसाला शिफ्ट असती, मोटारीला असती. ह्याला कामून नको? मशीनलाबी झोप लागती."

"कंपनीवाले वेडे आहेत का मग?"

"अख्ख्या जगाचे फ्रीज बिघडून राह्यलेत मॅडम. आपला बिघडला का कधी?"

बिघडला नव्हता, हे खरंच होतं. मी तोंड मिटून वर जायचे.

मामींचं माहेर शहागडचं. गोदावरीकाठचं. त्यांच्या बोलण्यात नदी कमी आणि हायवेच्या कडेचा बाजार जास्त यायचा, कारण तिथल्या एका दुकानाची जिलबी. कढईतून काढली की पाकात, पाकातून काढली की थेट कागदावर. लहानपणी वडील बाजाराच्या दिवशी आणायचे. ती जिलबी सांगताना मामींचे डोळे मिटायचे. पण साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी गोड बंद म्हटलं, त्या दिवसापासून त्यांनी गोड बंद केलं. कुणी पहारा ठेवला नव्हता. बिनसाखरेचा चहा पिताना तोंड वाकडं करायच्या, पण प्यायच्या तोच. पुरण करायच्या तेव्हा मला वरून हाक मारायच्या, "पोरी, गोडी बघ बरं, बसली का?" स्वतःच्या जिभेला बोट लावायच्या नाहीत. सुगरण बाईनं स्वतःच्या पुरणाची चव दुसऱ्याला विचारायची, याच्यापेक्षा मोठा उपास मी बघितलेला नाही.

गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन चालू केलं. मामा बरोबर गेले होते. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची, वर बर्फात नाही, खालच्या कप्प्यात, आणि फ्रीज बंद करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

"रात्रीबी न्हाई?" मामांनी विचारलं.

"रात्रीसुद्धा नाही. औषध उष्णतेनं मरतं."

त्या दिवशी मामा घरी येऊन बराच वेळ फ्रीजसमोर स्टुलावर बसून होते. मग त्यांनी फ्रीजच्या बटणावर काळी चिकटपट्टी गुंडाळली, तीनचार वेढे, म्हणजे चुकूनही कुणाचा हात जाऊन ते बंद व्हायला नको. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्याचं सांगणं असं न तपासता ऐकलेलं मी एवढंच एकदा पाहिलं. बायकोच्या जिवासाठी ऐकलं.

सुईही स्वतःच द्यायची ठरवली. त्यासाठी मोसंब्यांवर सराव केला. पिशवीभर मोसंबी घेऊन अंगणात बसले आणि एकेकात साधं पाणी टोचत राहिले. "हिची कातडी मोसंब्याच्या सालीवानीच हाय," म्हणाले. मामी लाजून आत गेल्या. दोनचार दिवसांत त्यांचा हात असा बसला की मामी मला सांगायच्या, "डास तरी कळतो गं, ह्यांची सुई कळत न्हाई." घरात तेव्हा आनंद होता. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटेल की हा माणूस मुळातच वाईट होता.

पाडवा झाला, ऊन तापायला लागलं. फ्रीजच्या आतून काही दिवस खरखर आवाज आला, पंखा कशाला तरी घासल्यासारखा. मग तो आवाज आपोआप थांबला. "बसला जाग्यावर," मामा खूश होऊन म्हणाले. त्यानंतर दूध नासायला लागलं. मामांनी दूधवाल्याला दारात उभं करून झापलं, पाणी घालतो म्हणाले, भांडी धूत नाही म्हणाले. तो गवळी वर्षानुवर्षांचा. शपथा घेऊन थकला आणि शेवटी आमच्या दारावर यायचाच बंद झाला. कोथिंबीर एका दिवसात माना टाकायला लागली, तर भाजीवाली लबाड ठरली.

फ्रीज मात्र निर्दोष होता. मामा वरचा दरवाजा उघडून दाखवत. बर्फ दगडासारखा. खाली हात घालत, तर तिथेही गार लागे. जालन्याच्या वैशाखात बाहेर अंग भाजून निघत असताना कोणत्याही बंद कपाटात हात घातला तरी गारच लागतो, हे तेव्हा ध्यानात कोण घेणार? "मशीन एकदम बराबर," म्हणून ते दरवाजा लावत.

आणि मामींची साखर वाढायला लागली. तपासलं की मागच्यापेक्षा जास्त. डॉक्टरांनी औषधाचं माप वाढवलं, तरी जास्त. मामा सुई वेळेवर देत होते. जेवण मापात होतं. मशीन बराबर होतं. मग उरलं कोण? उरलं ते माणूस. आणि माणूस खोटं बोलतो.

नेमकी त्याच सुमारास पाडव्याची साखरेची गाठी देवाजवळच्या खुंटीवरून नाहीशी झाली. मामींनी ती गल्लीतल्या पोरांना वाटून टाकली होती. मामांनी विचारलं, त्यांनी सांगितलं.

"कोणत्या पोरांना?"

"आता काय नावं ध्यानात ठिऊ का? दारात खेळत व्हती, दिली."

"सगळी दिली?"

"सगळी."

"तू एक तुकडा तोंडात टाकला नसंल?"

"देवाशप्पथ न्हाई," मामी म्हणाल्या. मी जिन्यात उभी होते. मामांचा चेहरा मला दिसत होता. मोटार बंद केली असं सांगितल्यावर ज्या चेहऱ्यानं ते खाली जायचे, तोच चेहरा होता. फक्त इथे पंजा लावून बघायला काही नव्हतं.

त्यांनी साखरेच्या डब्याला कुलूप लावलं. गुळाची ढेप स्वतःच्या कपाटात ठेवली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगून आले की हिला गोड काही देऊ नको. मी एकदा तोंडावर बोलले, "मामा, मामी पुरणाची चवसुद्धा घेत नाहीत. मी बघितलंय." ते म्हणाले, "मॅडम, तुमी शाळेत असता दिवसभर. मीटर वर जाऊन राह्यलंय. मीटर कामून वर जाईल?" स्वतःचंच शरीर आपल्याविरुद्ध साक्ष देतंय म्हटल्यावर बाई काय बोलणार?

मग ते लग्न झालं. त्यांच्याच भावकीतलं. मलाही बोलावणं होतं, मी मामींच्या शेजारी पंगतीला बसले होते. वाढपी जिलबीचं ताट घेऊन आला. मामींनी पानावर हात आडवा धरला, पण घाई होती, त्यानं हाताच्या बाजूनं एक जिलबी पानावर टाकली आणि पुढे गेला. मामी ती उचलून माझ्या पानात ठेवणार होत्या. जिलबी त्यांच्या बोटांत होती, तेवढ्यात समोरच्या पंगतीतून मामा उठून आले. त्यांनी ती जिलबी मामींच्या हातातून काढून घेतली आणि वाढप्याला हाक मारून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिला गोड वाढू नका कोणी. ही चोरून खाती. घरात कुलपं लावावी लागून राह्यलीत."

एक बाई हसली. मामी उठल्या. जेवण अर्धं, हात खरकटा. न धुताच चालत बाहेर गेल्या आणि मांडवाच्या दोरीजवळ उभ्या राहिल्या. मी मागे गेले. त्या रडत नव्हत्या. "पोरी, म्या खाल्ली असती तर बरं झालं असतं गं," म्हणाल्या. "बोलणं तरी वाया गेलं नसतं."

त्या दिवशी मला मामांचा जो राग आला तो पुढे काहीही झालं तरी पुरता गेला नाही.

उन्हाळा म्हणजे कुरडयांचे दिवस. मामी गच्चीवर कुरडया घालायला गेल्या, चपला खालीच राहिल्या. साखरेनं पायांतली जाणीव आधीच कमी झालेली. तापलेल्या फरशीनं तळवा पोळला ते त्यांना कळलंच नाही. दोन दिवसांनी फोड फुटला. जखम भरेना. मग काळी पडली. जालन्याच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं आणि तिथे उजवा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

मी भेटायला गेले तेव्हा मामा बाहेरच्या बाकावर बसले होते. खिशात टेस्टर होता. म्हणाले, "साखर उतरली. इथं चारच दिवसांत उतरली." मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "उतरणारच. इथं हिला चोरून द्यायला कोण हाय?"

एक गोष्ट तेव्हा माझ्याही ध्यानात आली नाही. दवाखान्यातलं औषध दवाखान्यातल्या फ्रीजमधलं होतं. औषध चांगलं असलं की साखर उतरते, एवढी सरळ गोष्ट त्यांच्यापुढे उघडी पडलेली होती, आणि त्यांनी तिचाही पुरावा बायकोच्याच विरुद्ध लावला. माणूस एकदा चोर ठरला की त्याचं चांगलं वागणंही चोरीतच धरलं जातं.

मामी घरी आल्या. मधल्या खोलीत खाट टाकली. मामांनी नवीन इन्सुलिनची बाटली आणून खालच्या कप्प्यात ठेवली. आता मामींचं सगळं मामाच करत होते. भाकरी शेजारची बाई टाकून देई, पण ताट हेच वाढत, हेच भरवत, भांडंही हेच देत. मामी खाटेवरून हलत नव्हत्या. आणि आठवडा-दोन आठवड्यांत साखर पुन्हा चढली.

तो दिवस सुट्टीचा होता, मी घरीच होते. तपासणीचा कागद घेऊन मामा उंबऱ्यात उभे होते. एकदा खाटेकडे बघत, एकदा स्वयंपाकघराकडे. खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंतचं अंतर त्यांनी नजरेनं दोनदा मोजलं. साखरेच्या डब्याचं कुलूप जागच्या जागी. चावी त्यांच्या करदोट्याला. मामींचा एकच पाय, तोही अजून जमिनीला टेकलेला नाही. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, बॅटरी धरता का जरा?"

त्यांनी वरच्या बर्फाच्या कप्प्यातलं सगळं बाहेर काढलं आणि मागच्या पत्र्याचे स्क्रू खोलले. पत्रा सुटेना, आतून चिकटलेला होता. उकळतं पाणी ठेवलं, वाफ दिली, तेव्हा तो निघाला. मागे पांढरी भिंत होती. बर्फाची. पंख्याची पाती त्यात गाडली गेलेली. वरची थंडी ज्या वाटेनं खाली उतरते ती वाट पूर्ण बुजलेली. मामांनी खालच्या कप्प्यात हात घातला आणि या वेळी तो काढला नाही. आतली हवा गार नव्हती. खोलीपेक्षा जराशी कमी गरम, एवढंच.

"पण हा बर्फ वितळत कामून न्हाई?" ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी कधी नव्हे तो मेकॅनिक बोलावला. रफिकभाई, स्टेशनकडे दुकान असलेला, बोलका माणूस. त्यानं आत वाकून बघितलं आणि क्षणात म्हणाला, "हीटर गया होगा, मामा."

"फ्रीजमधी हीटर?"

"असतोच की. ह्या फ्रॉस्ट-फ्री, बिनबर्फाच्या फ्रीजला असतोच."

"थंड करायच्या पेटीत शेगडी कोण ठिवील?"

"अहो, नळ्यांवर बर्फ जमतोच. मंग थोड्या थोड्या वेळानं हा तापतो, बर्फ वितळतो, पाणी मागं ट्रेमधी जातं. हा मेला की बर्फ वाढतच जातो. वर दगड, खाली कोमट." रफिकभाईनं बर्फ फोडून तळाशी असलेली बारीक नळी दाखवली. "तुमीच बघा तपासून."

मामांनी देव्हाऱ्याशेजारचा टेस्ट लॅम्प काढला, पिन बोर्डात खोचली. दोन टोकं आधी एकमेकांना लावली, बल्ब लागला. म्हणजे लॅम्प ठीक. नळीच्या शेजारच्या फ्यूजला लावली, लागला. मग नळीच्या दोन टोकांना लावली. बल्ब लागला नाही. त्यांनी चाकूनं टोकं खरवडली, पुन्हा लावली. लागला नाही. ते तशीच टोकं धरून वाकून बसले होते.

"कधीचाच गेलाय, जळून काळा पडलाय," रफिकभाई म्हणाला. "आधी काही तकलीफ दिली न्हाई?"

"मामा रोज रात्री फ्रीज बंद करायचे," मी म्हणाले. "औषध आल्यापासून चालू ठेवला."

"मंग तेच तर. रोज बंद व्हायचा म्हणून बर्फ रोजच्या रोज वितळत व्हता. मामा, तुमची सवयच ह्याचा हीटर व्हती." तो हसला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

दुसरा कुणी असता तर या एका वाक्यावर जन्मभर मिरवला असता. आम्ही सगळे ज्याला खूळ म्हणत होतो तेच बरोबर निघालं होतं. मामांनी हे वाक्य पुन्हा कधीही, कुणापुढेही उच्चारलं नाही. त्यांनी ती नळी सोडवून घेतली, रुमालानं पुसली आणि मधल्या खोलीत गेले.

मामी जाग्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, घर ते केवढं. मामा खाटेच्या कडेला बसले आणि नळी त्यांच्या हातात दिली.

"हे मेल्तं," म्हणाले. "औषध खराब होऊन राह्यल्तं. तू न्हाई खाल्लं काही."

मामींनी नळी उलटसुलट करून बघितली. मग परत त्यांच्या हातात ठेवली.

"म्या सांगत व्हते तवा पटलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आता ह्या नळकांड्यानं सांगितल्यावर पटलं व्हय?"

आवाज वर नव्हता, भांडण नव्हतं. मी जिन्यावर जाऊन बसले आणि रडले. मला वाटतं, मामांना चार शिव्या पडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

हीटर बदलला. नवीन औषध आणलं. साखर आठवड्यात खाली आली. गेलेला पाय काही परत आला नाही, आणि मूत्रपिंडांनी आधीच मान टाकायला सुरुवात केली होती.

मामांचं घरोघर फिरणं तेव्हापासूनचं. आधी त्या लग्नाच्या घरी गेले. नवरदेवाच्या बापाला, वाढप्याला, हसलेल्या बाईला, प्रत्येकाला भेटून सांगितलं की ती खात नव्हती. त्या पंगतीला कोण कोण होतं ते मला विचारून घेतलं. लोक म्हणाले, अहो आम्ही विसरलोसुद्धा. "तुमी इसरा," मामा म्हणाले, "ती न्हाई इसरली." दूधवाल्याला रस्त्यात गाठून सांगितलं, तुझं दूध चांगलं होतं. तो बावचळून सायकल घेऊन उभा राहिला. मग पंगतीतली माणसं संपली, तरी ते थांबले नाहीत. घरोघर जात राहिले. फ्रीजमध्ये हात घालून उभे राहतात तेही यासाठीच. एकदा हात पटकन काढला म्हणून काय झालं हे त्यांना माहीत आहे.

घरी येऊन ते मामींना सांगत, आज अमक्याकडे सांगून आलो. मामी "बरं" म्हणत. नुसतं "बरं".

थंडीच्या सुरुवातीला मामींचं अंग सुजलं. डॉक्टरांनी तपासलं आणि मामांना बाजूला घेऊन सांगितलं, आता त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. याचा अर्थ मामांना कळला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते शहागडला गेले. दुकान अजून होतं, मालक बदललेला. दुपारी परत आले तेव्हा हातात वर्तमानपत्राची पुडी होती, पाकानं कागद पारदर्शक झालेला. मी मामींना उशीला टेकून बसवलं. मामांनी पुडी सोडली. खोलीभर वास पसरला.

मामींनी डोळे मिटून वास घेतला. "तिकडचीच हाय ना?"

"तिकडचीच. तुझ्या बाजारातली."

मामांनी एक जिलबी उचलून त्यांच्या ओठांजवळ नेली. मामींनी डोळे उघडले, जिलबीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. आणि मान वळवली.

"खा की गं. डॉक्टर म्हणला, काही हरकत न्हाई."

"न्हाई," मामी म्हणाल्या. "आता खाल्ली तर तुमचं खरं व्हईल."

मामांनी जिलबी परत कागदात ठेवली, पुडी दोऱ्यानं होती तशी बांधली आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. मामी गेल्या त्या दिवशीही पुडी तिथेच होती, जराही खराब न झालेली. फ्रीज आता एकदम बराबर होता.